डावं-उजवं

येल्गावात नोव्हेंबरमध्ये चारलाच काळोख पडतो,
म्हणून या खोलीचे पडदे वेल्टा ओढत नाही.
"एवढा अंधार बाहेर फुकट मिळतोय," म्हणते.

सोडियमचा दिवा आधी गुलाबी, कच्चा,
मग दहा मिनिटांनी पिकतो.
त्या पिवळ्यात सगळे रंग मरतात.
माझी नखं, तिचा स्वेटर, खिडकीतलं जिरॅनियम,
सारं एकाच जुन्या फोटोतलं.

पोलरीमीटरची नळी भरायला तिनेच शिकवलं मला.
काठोकाठ, वर द्रवाची टेकडी येईपर्यंत,
मग काच बाजूने सरकवायची,
भांड्यावर झाकण ठेवतात तशी नाही.
तरी बुडबुडा राहिलाच तर
त्याला नळीच्या फुगीर गळ्यात नेऊन बसवायचं,
लग्नातल्या रुसलेल्या पाहुण्यासारखं.
प्रकाशाच्या वाटेत येऊ द्यायचं नाही.

आज कपाटामागे दोन बाटल्या सापडल्या.
लेबलं गळून गेलेली.
दोन्हीत कार्व्होन, एवढं नक्की:
उकळबिंदू तोच, घनता तीच.
मी एकीचं बूच काढून नाक जवळ नेलं,
तर तिने बाटली हातातून काढून घेतली.
"नाकाने नाही."

तीन हिवाळ्यांमागच्या तापात तिचा वास गेला,
परत आलाच नाही.
काळ्या पावातलं शहाजिरं आता तिला
फक्त दाताखाली अडकल्यावर कळतं.

पहिली बाटली. अल्कोहोलमध्ये विरघळवली,
दहा ग्रॅमला शंभर मिलिलिटर.
भिंगात एक वर्तुळ, त्याचे दोन अर्ध,
एक उजळ, एक सावळा.
चकती फिरवत जायचं, दोघे सारखेच मंद होईपर्यंत.
केसभर पुढे गेलं की बाजू उलटतात. मग मागे.

पाच अंश नऊ दशांश, घड्याळाच्या दिशेने.
पाचदा वाचलं. चौथ्या वेळी डोळा थकला,
पाच-सात आलं. तेही तिने लिहायला लावलं.
"आणि हे उलटीकडून
एकशे चौऱ्याहत्तर नाही कशावरून?"
मी द्रावण निम्मं पातळ केलं,
पुन्हा भरलं, पुन्हा बुडबुडा बसवला.
तीनच्या जरा अलीकडे.
"हं. आता ठेवते विश्वास.
उजवं, म्हणजे शहाजिरं."
आणि आकड्याकडे बघत राहिली.
जूनमधल्या सगळ्यांत छोट्या रात्रीसाठी
आई कापडात बांधून, वर दगड ठेवून
दाबायची ते चीज,
त्याचं पाणी रात्रभर परातीत टपटपायचं, म्हणाली.

दुसरी बाटली. तेवढेच अंश, उलट्या दिशेने.
"पुदिना. माझ्या नातवाचं च्युइंगम."
रेणू तोच, फक्त आरशातून आलेला.

चकती ती डाव्या हाताने फिरवते,
हे आज पहिल्यांदा लक्षात आलं.
"शाळेत बाईंनी हा हात बाकाला बांधला होता.
लोकरीच्या मऊ दोऱ्याने, काचू नये म्हणून.
तेव्हापासून लिहिते उजव्याने.
पण डावललेला हात जास्त जपून फिरतो."
एवढंच. मग म्हणाली, "दोन्ही समसमान मिसळ."

मिसळलं. भरलं. भिंगात पाहिलं.
शून्य.
सकाळी नुसतं अल्कोहोल भरून पाहिलं होतं
अगदी तसंच शून्य, दोन्ही अर्ध शांत.
उपकरणाला विचाराल तर नळीत कुणी नाही.

"आता वास घे. कसा येतो, मला सांग."
मी वाकले. बराच वेळ शब्द सापडेना.
"कुणीतरी दात घासून लगेच पाव खाल्ल्यासारखा."
ती इतकी हसली की टेबल हललं,
बुडबुडा गळ्यातून सुटून मधोमध आला.

नोंदवहीत तिने शून्य लिहिलं,
आणि शेऱ्याच्या रकान्यात,
हजेरी घ्यावी तसं, उजव्या हाताने:
दोघेही हजर.

मी दिवा बंद केला, छताची ट्यूब लावली.
दुपारभर मातकट दिसणारा तिचा स्वेटर
लालभडक होता,
कोपरावर हिरव्या लोकरीने रफू केलेला.